कोणाला मोजले, तेही छापा

मराठी वृत्तपत्रांच्या व वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना आणि वार्ताहरांना,



नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे आकडे जाहीर झाले आणि आपल्यापैकी अनेकांनी ठळक मथळा दिला, की देशात आता पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या जास्त झाली. दर हजार पुरुषांमागे १,०२० स्त्रिया. आकडा सरकारी तक्त्यातलाच होता. तरीही मथळा चुकीचा होता. तो का चुकीचा होता हे सांगावे, आणि त्या निमित्ताने बरीच वर्षे मनात साचलेले आणखी काही मांडावे, म्हणून हे पत्र. मी संख्याशास्त्राचा शिक्षक आहे. आपण छापलेल्या बातम्यांची कात्रणे वर्गात वापरतो, त्यामुळे आपल्या कामाशी माझा संबंध रोजचा आहे.

हे सर्वेक्षण घरोघर जाऊन होते. निवडलेल्या घरात आदल्या रात्री कोण कोण मुक्कामाला होते याची नोंद घेतात आणि त्या नोंदींवरून स्त्री-पुरुषांचे ते प्रमाण निघते. आता अशा रात्री घराबाहेर कोण असते? बांधकामाच्या जागेवर पत्र्याच्या खोलीत राहणारा मजूर, छावणीतला जवान, वसतिगृहातला विद्यार्थी, ट्रकमध्येच झोपणारा चालक, तुरुंगातला कैदी. यांत पुरुषांचा भरणा फार मोठा, आणि ही माणसे त्या यादीत येतच नाहीत. सर्वेक्षणाचा मूळ हेतू १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचे आणि लहान मुलांचे आरोग्य जाणून घेण्याचा आहे, आणि ६ लाख ३६ हजारांहून अधिक घरांत जाऊन ते काम त्याने केले. सबंध लोकसंख्येत स्त्रिया किती आणि पुरुष किती हे ठरवण्याचे काम जनगणनेचे. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण दर हजारी ९४३ होते.

त्याच तक्त्यात आणखी एक आकडा होता. आधीच्या पाच वर्षांत जन्मलेल्या बाळांमध्ये दर हजार मुलग्यांमागे ९२९ मुली. निसर्गतः हे प्रमाण ९५० च्या आसपास असते. म्हणजे जन्माआधीच मुली नाहीशा होणे थांबलेले नव्हते. मथळा व्हायला हवा होता तो या आकड्याचा. त्या बातमीनंतर ‘चला, मुलींचा प्रश्न सुटला’ असे मला समाधानाने सांगणाऱ्यांत डॉक्टर होते, प्राध्यापक होते. त्यांनी आपल्यावर विश्वास ठेवला होता.

माझे पहिले गाऱ्हाणे हेच आहे. बातमीत आकडा असतो, तो कोणाचा हे नसते.

ज्यांच्याविषयी आपल्याला बोलायचे आहे तो सगळा समूह म्हणजे समष्टी. ज्यांना प्रत्यक्ष विचारले, मोजले, तपासले तो नमुना. नमुन्यात काय दिसले ते सांगणे म्हणजे वर्णन, आणि त्यावरून समष्टीविषयी काही म्हणणे म्हणजे अनुमान. वर्णन तसे बिनधोक असते. नोंदी नीट घेतल्या आणि बेरीज-भागाकार बरोबर केला की झाले. अनुमानात धोका असतो, आणि तो धोका किती आहे हे मोजण्यात या शास्त्राचे अर्धे आयुष्य गेले आहे. बातमीत मात्र वर्णन कुठे संपले आणि अनुमान कुठे सुरू झाले ते कळतच नाही. एखाद्या शहरातल्या दोन-तीन महाविद्यालयांत प्रश्नावली वाटायची आणि मथळा द्यायचा ‘मराठी तरुणांना शेती नको’. या दोहोंच्या मध्ये केवढी दरी आहे! गडचिरोलीचा तरुण त्या प्रश्नावलीत नाही, महाविद्यालय सोडून दुकानात उभा राहिलेला नाही, लग्न होऊन घरी बसवलेली मुलगी नाही. मथळ्यात ते सगळे आहेत.

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपण सगळेच वापरतो. ती खरी ठरते कारण भात एका पातेल्यात, एका आचेवर शिजलेला असतो. पातेले छोटे की लग्नघरचे याने शिताला फरक पडत नाही. भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला असेल तर मात्र वरच्या वर घेतलेली शंभर शितेही फसवतात. नमुन्याचे नेमके हेच आहे. किती जणांना विचारले हा दुसरा प्रश्न. कसे निवडले हा पहिला.

नमुन्याची निवड किती जिव्हाळ्याची गोष्ट आहे हे आपल्या शेतकऱ्याला विचारा. पीक विम्याची भरपाई ठरते ती महसूल मंडळात होणाऱ्या मोजक्या पीक कापणी प्रयोगांवरून. मंडळात सोयाबीन हजारो हेक्टरांवर, आणि प्रयोग बोटांवर मोजण्याइतके. त्यांतून निघालेले सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या खाली गेले तर मंडळातल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई, नाही गेले तर कोणालाच नाही. उंबरठा उत्पादन म्हणजे मागच्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी, तिला जोखीमस्तराने, म्हणजे विम्यात आधीच ठरलेल्या संरक्षणाच्या टक्केवारीने, गुणून आलेला आकडा. काही पिकांसाठी उपग्रहाच्या आधारे काढलेला अंदाजही उत्पादनात मिसळतात. २०२३ मध्ये आलेली एक रुपयातली विमा योजना राज्याने २०२५ च्या खरिपापासून बंद केली आणि भरपाईचा भार या कापणी प्रयोगांवर येऊन पडला. एखाद्या कुटुंबाचे वर्ष निभावेल की सावकाराकडे जावे लागेल, हे आता त्या नमुन्यावर ठरते.

प्रयोग कसा करायचा याची शिस्त घालून दिलेली आहे. गाव आणि गट नंबर यादृच्छिक पद्धतीने निवडायचे, म्हणजे कोणाच्याही पसंतीला वाव न ठेवता, अंकांच्या तक्त्यावरून. शेतात गेल्यावरही पीक डोळ्यांनी बघून जागा धरायची नाही. नैऋत्य कोपऱ्यापासून लांबीला किती आणि रुंदीला किती जायचे, हे पुन्हा तक्त्यातले अंक सांगतात. तिथे खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, आतले पीक कापायचे, मळायचे, वजन करायचे. निवडलेल्या तुकड्यात पीक विरळ निघाले तरी जागा बदलायची नाही.

या शिस्तीमागे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांची बुद्धी आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते लंडनला गेले, संख्याशास्त्रात डॉक्टरेट घेऊन परतले आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेत त्यांनी पीक कापणीची यादृच्छिक पद्धत देशभर रुजवली. बंगालमध्ये त्याच काळात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी नमुना पाहणीची मोठी परंपरा उभी केली होती. त्यांचे लोक छोट्या वर्तुळाकार तुकड्यांवर कापणी करत. सुखात्मे यांनी दाखवून दिले की तुकडा फार लहान घेतला की उत्पादन फुगून येते. दोरीच्या अगदी कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे वळतो. आणि तुकडा जितका लहान, तितका त्यात कडेचा वाटा मोठा. कोणी लबाडी केली नाही, तरी आकडा वर सरकतो. असा एका दिशेला झुकणारा दोष नमुने वाढवून जात नाही. शंभर तुकड्यांत तो असेल तर हजारांतही असतो. १९४० च्या दशकातला हा वाद शास्त्रज्ञांचा होता, पण उत्पादन फुगले की आज शेतकऱ्याची भरपाई बुडते.

आता आपल्या बातम्या बघा. दर खरिपानंतर ‘पीक कापणी प्रयोगांत घोळ’ अशी बातमी येते. संघटनेचा आरोप, अधिकाऱ्याचे उत्तर, की बातमी संपली. कोणती गावे निवडली आणि कोणत्या तारखेला निवडली? निवडलेले शेत ऐनवेळी बदलले का, आणि बदलले तर कोणाच्या सहीने? जिरायती सोयाबीनचा प्रयोग बागायती शेतात झाला का? रस्त्याला लागून असलेलीच शेते पुन्हा पुन्हा का येतात? हे विचारणारा वार्ताहर मला फार क्वचित दिसला. यादी तालुक्याला असते. ती मागा, जिल्हा पुरवणीत छापा. गावातला माणूस ती वाचून दोन मिनिटांत सांगेल की हे शेत कोणाचे आणि तिथे खरोखर दोरी ताणली गेली का.

पावसाचेही तेच. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला तर मदतीच्या निकषांत ती अतिवृष्टी, आणि ती ठरवतो मंडळातला पर्जन्यमापक. एक यंत्र, त्याच्या भरवशावर कितीतरी गावे. पावसाळी ढग यंत्राच्या पलीकडच्या शिवारात रिता झाला तर माती वाहून जाते आणि नोंद होते ४० मिलिमीटरची. एका निरीक्षणाचा हा नमुना आहे. ‘अमुक मंडळात अतिवृष्टी नाही’ असे छापताना ते यंत्र कुठे बसवले आहे, एवढे तरी लिहा.

आणि मग ती ‘सरासरी’. ‘जिल्ह्यात सरासरीच्या १०० टक्के पाऊस’ या एका ओळीवर मी वर्गात अख्खा तास घेतो. पेरणीनंतर वीस दिवस खंड पडला, रोपे माना टाकून बसली, आणि मग चार दिवसांत सगळा पाऊस येऊन गेला, तरी ती ओळ खरीच राहते. सातारा जिल्ह्याची सरासरी पाटण आणि माण या तालुक्यांना एकाच तराजूत घालते. एकीकडे कोयनेचे खोरे, दुसरीकडे कायमचा दुष्काळ. सरासरी हा आकडा खोटा नसतो, एकटा असतो. त्याच्या शेजारी पसारा सांगितला नाही तर वाचकाला काहीच कळत नाही. पसारा मोजायला आमच्याकडे प्रमाण विचलन आहे. ते छापण्याची अपेक्षा नाही. सर्वांत कमी कुठे, सर्वांत जास्त कुठे, आणि मधला आकडा काय, हे तीन दिले तरी पुष्कळ.

मधल्या आकड्याला शाळेच्या पुस्तकात मध्यक म्हणतात. दहावीच्या मुलांना तो येतो, अर्थपानावर मात्र तो दिसत नाही. समजा एका कार्यालयात नऊ जणांना महिना वीस हजार मिळतात आणि दहाव्याला दोन लाख. सरासरी निघते ३८ हजार. इतका पगार तिथे कोणालाच नाही. मध्यक सांगतो वीस हजार, आणि तेच तिथले वास्तव आहे. जूनमध्ये महाविद्यालयांच्या ‘सरासरी पॅकेज’च्या बातम्या येतात, तेव्हा हे आठवा. त्यात ज्यांना नोकरी लागलीच नाही ते बहुधा भागाकारात धरलेले नसतात. आई-बाप जमीन गहाण ठेवून त्या आकड्यावर प्रवेश घेतात. विद्यार्थी किती होते, नोकऱ्या किती जणांना लागल्या, मध्यक किती, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय ती बातमी छापू नका, अशी कळकळीची विनंती आहे.

घरगुती खर्चाच्या पाहणीचे २०२२-२३ चे आकडे आले तेव्हा ग्रामीण भागात दरडोई महिना ३,७७३ रुपये आणि शहरी भागात ६,४५९ रुपये, एवढेच बहुतेक ठिकाणी वाचायला मिळाले. त्याच पत्रकात ग्रामीण भागातल्या सर्वांत तळच्या पाच टक्क्यांचा खर्च १,३७३ रुपये आणि शहरातल्या सर्वांत वरच्या पाच टक्क्यांचा २०,८२४ रुपये, असेही होते. या पाहणीची परंपरा १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीची आहे. तिच्याच आकड्यांवर पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचे आपले १९७१ चे काम उभे केले. त्यांनी सरासरीवर समाधान मानले असते तर गरीब माणूस त्या आकड्यांत कधीच दिसला नसता.

निवडणुकांकडे वळतो. १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेच्या पुढे नेले. ४ जूनला तिला २९३ जागा मिळाल्या. त्यानंतर आपल्यापैकी काहींनी चाचण्या म्हणजे थोतांड, असे अग्रलेख लिहिले. पुढच्या निवडणुकीत त्याच चाचण्या पुन्हा पहिल्या पानावर आल्या. दोन्ही टोके चुकीची आहेत. नमुना पाहणी हे उत्तम साधन आहे, पण त्याची मर्यादा त्याच्यासोबत छापावी लागते.

मर्यादा अशी. यादृच्छिक रीतीने निवडलेल्या १,००० लोकांच्या नमुन्यात एखाद्या पक्षाला ४० टक्के निघाले, तर खरा आकडा साधारण ३७ ते ४३ च्या दरम्यान आहे असे म्हणता येते. तेही शंभरपैकी पंचाण्णव वेळा बरोबर ठरेल अशा खात्रीने, पूर्ण खात्रीने नव्हे. राज्यात नऊ कोटींहून अधिक मतदार आहेत, मग हजारांनी काय होणार, असा आक्षेप नेहमी येतो. तो चुकीचा आहे. समष्टी मोठी झाल्याने ही मर्यादा जवळजवळ बदलत नाही. ती बदलते नमुन्याच्या आकाराने, आणि तीही कंजूषपणे: मर्यादा निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो. उलट राज्यभराच्या १,२०० लोकांतून विदर्भाचे दोनशे वेगळे काढले, की मर्यादा सात टक्के गुणांवर जाते. तरीही ‘विदर्भात अमुक पक्षाला दोन टक्क्यांची आघाडी’ अशी चौकट मी याच डोळ्यांनी वाचली आहे. त्या दोन टक्क्यांत सांगण्यासारखे काहीच नव्हते.

मतांवरून जागा काढणे हे त्याहून अवघड. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता. जागा पडल्या तीस आणि सतरा. वायव्य मुंबईचा निकाल ४८ मतांनी लागला. कोणताही नमुना हे आधी सांगू शकत नाही, आणि सांगतो असे म्हणणाऱ्याला त्याची रीत विचारली पाहिजे. किती मतदारसंघ, किती केंद्रे, मुलाखत घरी की फोनवर, किती जणांनी उत्तर द्यायला नकार दिला? बोलायला नकार देणारे आणि बोलणारे एकसारखे नसतात. तीन टक्क्यांच्या त्या मर्यादेत ही चूक धरलेलीच नसते.

आपल्या संकेतस्थळांवरचे ‘वाचकांचा कौल’ हे सदर तर मला पाहवत नाही. ज्याला राग आहे तोच बटण दाबतो, एक जण दहादा दाबतो, आणि दुसऱ्या दिवशी ‘७८ टक्के जनतेचा विरोध’ असे छापून येते. ही जनता नव्हे. १९३६ मध्ये अमेरिकेत लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांवरून सुमारे एक कोटी पत्रे पाठवली. वीस लाखांहून अधिक उत्तरे आली. त्यावरून त्याने लँडन अध्यक्ष होणार असे सांगितले. निवडून आले रूझवेल्ट, आणि लँडन यांना दोनच राज्ये मिळाली. मंदीच्या काळात टेलिफोन आणि मोटार असलेली माणसे म्हणजे सगळी अमेरिका नव्हती. शिवाय मुद्दाम उत्तर पाठवणारे आणखी वेगळे. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडले. आपण नियतकालिके चालवता, म्हणून हे उदाहरण आपल्यापुढे ठेवले.

करोनाच्या काळात आपण जिवावर उदार होऊन काम केलेत, त्याबद्दल मनापासून आदर आहे. म्हणूनच जुलै २०२० ची एक बातमी अजून खुपते. मुंबईत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी झाली. महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मिळून ६,९३६ नमुने तपासले. झोपडपट्टीत ५७ टक्के, बाहेर १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला दिसला. पाहणी चोख होती, आणि ती तीन प्रभागांत झाली होती: दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या बाजूंना. मुंबईत प्रभाग २४. बातमी झाली ‘मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना करोना होऊन गेला’. त्या भरवशावर माणसे मुखपट्टी काढून हिंडली. तीन प्रभागांचा आकडा तीन प्रभागांच्या नावाने छापायला जास्तीचे दोन शब्द लागले असते.

शिक्षणाविषयीच्या ‘असर’ अहवालाबाबत थोडक्यात. जिल्ह्यातली तीस गावे आणि प्रत्येक गावातली वीस घरे, अशी ही ग्रामीण भागाची पाहणी आहे आणि मुलाला घरी जाऊन तपासतात. त्यात सरकारी शाळेतली मुले असतात, खासगी शाळेतली असतात, शाळा सोडलेलीही असतात. तरी बातमी ‘जिल्हा परिषद शाळांचा बोजवारा’ अशी होते. अहवालात सरकारी आणि खासगी शाळांचे आकडे वेगळे दिलेले असतात. ते वाचून मग लिहा.

आरोग्यपानावर ‘अमुक खाल्ल्याने कर्करोगाचा धोका दुप्पट’ असे येते. दहा हजारांत एकाचा धोका दहा हजारांत दोघांवर गेला तरी तो दुप्पटच. दोन्ही आकडे छापा, वाचक स्वतः ठरवेल. आणि जे अमुक खातात त्यांना तमुक होते, एवढ्यावरून खाण्याने ते होते असे ठरत नाही. खाणाऱ्यांचे वय, कामधंदा, व्यसने वेगळी असतील. कारण शोधायचे तर कोणाला काय द्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागते; औषधांच्या चाचण्या याच रीतीने होतात.

रात्री अकराला पान सोडायचे असते, वृत्तसंस्थेची बातमी हातात असते, अहवाल तीनशे पानांचा असतो, हे मला कळते. म्हणून मागणे मोजके आहे. ज्या बातमीत पाहणीचा आकडा आहे तिथे एक लहान चौकट द्या. पाहणी कोणी केली आणि पैसा कोणी दिला. ती कोणत्या समूहाविषयी आहे, आणि कोण त्यातून सुटले आहे. नमुना कसा निवडला, किती जणांना गाठले आणि किती जणांनी उत्तर दिले. चुकीची मर्यादा किती. प्रश्न नेमका कोणत्या शब्दांत विचारला. पाहणी करणारा हे सांगत नसेल तर ‘माहिती दिली नाही’ असे त्या चौकटीत लिहा. आणि तो आकडा मथळ्यात घेऊ नका. मथळा चुकला असे नंतर लक्षात आले तर दुरुस्ती त्याच पानावर, तितक्याच ठळक अक्षरांत द्या. ‘वाचकांचा कौल’ चालवायचाच असेल तर त्याच्या निकालाची बातमी करू नका.

मदत हवी असेल तर ती दूर नाही. पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर इथल्या विद्यापीठांत संख्याशास्त्राचे विभाग आहेत. तिथल्या एखाद्या शिक्षकाला संध्याकाळी फोन केलात तर तो आनंदाने पाच मिनिटे देईल. २९ जून हा महालनोबिस यांचा जन्मदिवस देशात सांख्यिकी दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी महाविद्यालयांत भाषणे होतात आणि ती आमची आम्हीच ऐकतो. त्या दिवशी आपले वार्ताहर वर्गात पाठवा. आम्ही पीक कापणीचे तक्ते, सर्वेक्षणांचे अहवाल समोर ठेवून बसू.

हे आत्ताच लिहिण्याचे एक कारण आहे. १ मार्च २०२७ ही जनगणनेची संदर्भ तारीख ठरली आहे. २०११ नंतर पहिल्यांदाच सगळ्यांना मोजले जाईल, आणि त्यानंतर आकड्यांचा पूर येईल. जनगणनेत नमुना नसतो, सगळी समष्टी असते, म्हणून तिच्यात चूक नसतेच असे समजू नका. मोजणी झाल्यावर काही भागांत पुन्हा जाऊन पडताळणीची नमुना पाहणी होते. २०११ च्या पडताळणीत दर हजारी २३ माणसे मोजायची राहून गेल्याचे आढळले होते. या वेळीही तो पडताळणीचा अहवाल येईल, मुख्य आकड्यांनंतर बऱ्याच काळाने, आणि त्याची बातमी करण्याची कोणाला घाई नसेल. तो मागवून घ्या आणि पहिल्या पानावर छापा. राहून गेलेल्यांत ऊसतोड कामगार किती, पुलाखाली राहणारे किती, हे विचारा. ज्यांची मोजणी राहते त्यांच्या वाट्याचे रेशन आणि शाळाही राहते, आणि त्यांच्या वतीने हा प्रश्न विचारायला आपल्याशिवाय कोणी नाही.

आपला नम्र,
संख्याशास्त्राचा एक शिक्षक